पाहुण्यांची खुर्ची

आधीच सांगून टाकतो, पाहुण्यांचं आणि माझं भांडण नव्हतं. भांडायला समोरच्याने तोंड उघडावं लागतं. पाहुणे तोंड उघडायचे ते जेवायला, नाहीतर ओठांत स्क्रू धरायला. भांडण होतं ते माझं एकट्याचं, माझ्या पोटात, आणि ते आठ वर्षं चाललं.

पाहुणे म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. गॅरेज आमच्या सासऱ्यांचं. त्यांना आम्ही दोघेही मामा म्हणतो. आता एक फरक नीट लक्षात ठेवा. मी त्या गॅरेजात आधी कामाला लागलो, चार वर्षं ग्रीस खाल्लं आणि मग जावई झालो. पाहुणे आधी जावई झाले आणि मग, त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बसल्यावर, कामाला आले. बावीस वर्षं झाली मला. त्यांना आठ.

ते आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. इस्त्रीचा शर्ट, दोरीला अडकवलेला चष्मा, हातात एक जेवणाचा डबा. डब्यात जेवण नव्हतं, बारीक बारीक हत्यारं होती. दाराजवळ पंख्याखाली एक हाताची खुर्ची असते, गिऱ्हाइकांसाठी. मामांनी खांद्यावरचं फडकं काढलं, स्वतःच्या हाताने ती खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसा पाहुणे."

तेव्हापासून त्यांचं नाव पाहुणे आणि त्या खुर्चीचं नाव पाहुण्यांची खुर्ची. बसायचे ते दहा मिनिटं, पण खुर्ची त्यांची! मी बावीस वर्षं उलट्या ठेवलेल्या टायरवर बसतोय. माझ्यासाठी कुणी टायरसुद्धा पुसला नाही.

मामांनी मला शिकवलं ते पाना फेकून. मारायला नाही हं, जागं करायला. मी चुकीच्या नटाला हात घातला की दहा नंबरचा पाना खणकन माझ्या पायाच्या अंगठ्याजवळ पडायचा आणि मागून आवाज, "अरे ए गाढवा! डोळे आहेत का बटणं?" पुढे पुढे मला इतकी सवय झाली, की मामांचा हात हलला की माझा पाय आपोआप मागे जायचा. गिऱ्हाइकं हसायची. आणि पाहुण्यांना? पाहुण्यांनी एकदा एका गाडीचं तेल भरायचं विसरून इंजिन सुरू केलं. मी म्हटलं, आता पाना उडणार. पाय मागे घेतला, माझाच. मामा म्हणाले, "असू द्या पाहुणे, होतं असं."

होतं असं! माझ्या बाबतीत बावीस वर्षांत कधी 'होतं असं' झालं नाही.

बरं, माणूस कामाचा नसता तर मी सोडून दिलं असतं. पण नाही, माणूस कामाचा निघाला. त्यांचे कान विलक्षण. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. दोन मिनिटांनी डोळे उघडून सांगायचे, "इकडची बेअरिंग." आणि तीच निघायची. आमच्या घरचं शिलाई मशीन सहा महिने बंद होतं. मी बघतो बघतो म्हणत होतो. ते एकदा चहाला आले आणि कप हातात असतानाच चालू करून गेले. ही आजतागायत ते ऐकवते. "दहा मिनिटांत हो! चहा गारसुद्धा झाला नाही!" मी रोज घरी येतो त्याचं काही नाही.

पाहुण्यांची आणखी एक खोड होती. शिलाई मशीनमध्ये दोन सारखे दिसणारे स्क्रू असतात, एकाच्या जागी दुसरा गेला की काम बिघडतं. म्हणून ते काढलेल्या भागाला तांबडा धागा बांधायचे. सुरुवातीला गाडीच्या भागांनाही बांधायला लागले. मी अशी संधी सोडतो होय? चार गिऱ्हाइकांदेखत म्हटलं, "काय पाहुणे, गाडीला काजं-बटणं करायची आहेत का?" सगळे पोट धरून हसले. पाहुणेही हसले. त्यानंतर धागा दिसायचा बंद झाला. शिंप्याचा निळा खडू तेवढा खिशात राहिला. मला बरं वाटलं. एक तरी गोष्ट मी त्यांच्याकडून काढून घेतली होती.

आमच्या गॅरेजात मामांचे दोन नियम. पहिला, आलेल्या गाडीला पहिला हात मामांचा. ते बघणार, मग कुणाला द्यायची ते सांगणार. दुसरा, बॉनेट लावणार तो ज्याला दोष सापडला. बाकी कुणी कितीही घाम गाळलेला असो, बॉनेटला हात लावायचा नाही. आणि मी, सांगायला लाज वाटते पण सांगतो, बॉनेटं मोजायचो. आज त्यांची दोन, माझं एक. आज माझी दोन, पण एक नुसत्या हॉर्नचं, ते काय धरायचं!

तर अशात मामांच्या डोळ्यांनी आणि हातांनी साथ सोडायला सुरुवात केली. एक दिवस ते जेवता जेवता म्हणाले, "येत्या एक तारखेपासून मी गाडीला हात लावणार नाही. पहिला हात कुणाचा, ते एक तारखेलाच सांगीन." आम्ही दोघे जावई समोरासमोर बसलो होतो. पाहुणे ताटात बघत राहिले. मी मात्र घास चावायचं विसरलो. पहिला हात! बावीस वर्षं त्याच्यासाठीच तर पाय वाचवत आलो होतो. तो जर पाहुण्यांना मिळाला असता तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आणि नेमकी तेव्हाच ती व्हॅन आली.

व्हॅन बेकरीवाल्या बाईंची. पांढरी होती म्हणतात, आता तिला रंग असा नाही. चार लाख अठरा हजार किलोमीटर झालेले. बाई रोज पहाटे ब्रेड भरून निघतात, वसतिगृहं, कँटीन, दुकानं करत नऊला परत. तक्रार एकच: मधेच इंजिन आचके देतं, गाडी चढावर दम टाकते आणि काट्यांजवळचा पिवळा दिवा लुकलुकतो. म्हणजे मिसफायर. चार सिलिंडरपैकी एक मधेच काम सोडतो आणि उरलेले तिघे त्याला ओढतात. गॅरेजात कसं असतं ते मला कुणी सांगायला नको.

मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "अरे ए, तू बघ." म्हणजे मी. मी स्कॅनर लावला. तिसरा सिलिंडर. चारी प्लग बदलले, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, गाडी झकास. थाटात बॉनेट लावलं. तीन दिवसांनी बाई परत! कॉम्प्रेशन तपासलं, चांगलं निघालं. पेट्रोलचा फिल्टर बदलला, गल्लीत दोन फेऱ्या, झकास, बॉनेट. चार दिवसांनी बाई परत. आता गॅरेजात शिरताना त्यांनी मला नमस्कारसुद्धा केला नाही. "अहो, त्या चष्मेवाल्यांना बघू द्या ना एकदा!" सगळ्यांसमोर!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "अहो पाहुणे, बघता का जरा?"

पाहुण्यांनी काय केलं, तर बॉनेट उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बाईंच्या शेजारी बसून ब्रेड वाटायला गेले. सबंध फेरी. नऊला आले ते शर्टावर ब्रेडचा चुरा आणि हातात कागदाचा कपटा घेऊन. त्यांनी मामांना वाचून दाखवलं. "गार असताना काही नाही. चाळीस मिनिटांनी सुरू होतं. गाडी भरलेली असतानाच होतं. पुलाच्या चढावर, चौथ्या गिअरला. परत येताना क्रेट रिकामे होते तेव्हा एकदाही नाही."

मी टायरवर बसून ऐकत होतो. मी दोन्ही वेळा गार, रिकामी गाडी सपाट गल्लीत फिरवून छाती काढून बॉनेट लावलं होतं. एवढी साधी गोष्ट! मला का सुचली नाही? सुचली असती तरी मी ब्रेड वाटायला गेलो असतो का? नसतो गेलो. तेच तर झोंबलं.

मग त्यांनी कॉइलची अदलाबदल करायचं ठरवलं. ही गोष्ट सोपी आहे, सांगतो. प्रत्येक सिलिंडरच्या प्लगवर एक कॉइल बसते, ठिणगी तीच देते. चारी कॉइल सारख्याच. तिसऱ्यावरची काढून पहिल्यावर लावायची, पहिल्यावरची तिसऱ्यावर. आता आचके पहिल्या सिलिंडरला यायला लागले तर दोष कॉइलचा, ती जिथे जाईल तिथे दुखणं नेणार. आचके तिसऱ्यालाच राहिले तर कॉइल निर्दोष, दुसरीकडे शोधायचं. पाहुण्यांनी कॉइल काढल्या, माझ्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड केली, खडूने डोक्यावर आकडे लिहिले, जागा बदलून बसवल्या. तिसऱ्यावरून काढलेली, डोक्यावर ठळक तीन लिहिलेली, आता पहिल्यावर बसली होती.

आणि मला तिथल्या तिथे कळलं. कॉइलच! तापली की आणि जोर पडला की ठिणगी चुकवते, गार झाली की शहाण्यासारखी वागते. दुपारी गाडी भरून पुलावर नेली की आचके पहिल्या सिलिंडरला येणार, पाहुणे बॉनेट लावणार, चार दिवसांनी एक तारीख. संपलं.

पाहुणे हात धुऊन जेवायला घरी गेले. मामा मागच्या खोलीत पडले होते. गॅरेजात मी आणि ती व्हॅन.

मी ठरवून केलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण दहा नंबरचा पाना मी खिशातून काढला, तो काही आपण होऊन आला नाही. दोन बोल्ट काढले. दोन्ही कॉइल उपटल्या आणि पुन्हा होत्या त्या जागी लावल्या. डोक्यावरचे आकडे फडक्याने पुसले आणि पाहुण्यांच्याच तिथे राहिलेल्या निळ्या खडूने उलटे लिहिले, तीनच्या जागी एक, एकच्या जागी तीन. तिसऱ्याच्या कॉइलमध्ये वायरचा कनेक्टर खोचताना हाताला कट् असं झालं. कनेक्टरचं प्लॅस्टिकचं लॉक तुटलं होतं. चार लाख किलोमीटर उष्णता खाल्लेलं प्लॅस्टिक, हात लावला की तुटतं. मी कनेक्टर दाबून बसवला. बसला. पाच मिनिटांचं काम. छाती अशी धडधडत होती की पाहुण्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला असता तर त्यांना पुलापलीकडे ऐकू आली असती.

दुपारी पोती भरून व्हॅन पुलावर नेली. स्कॅनर माझ्याच मांडीवर होता. आचका आला. तिसरा सिलिंडर. पाहुणे म्हणाले, "म्हणजे कॉइल नाही."

"नाही ना," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

पुढचे दोन दिवस मी पाहुण्यांची फरफट बघितली. त्यांनी इंजेक्टर बदलून बघितले. हवा कुठून ओढते का ते बघितलं. वायरिंगची गुंडाळी सोडून एकेक तार बोटांतून नेली. आणि दुखणंच बदललं! आधी तापल्यावर यायचे ते आचके आता गार असतानाही यायला लागले. कधी सकाळी पहिल्याच किल्लीला, कधी तास तास नाही. का, ते मला ठाऊक होतं. तुटलेल्या लॉकमुळे कनेक्टर हलत होता. पाहुण्यांना ठाऊक नव्हतं. ते स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभे राहायचे, डोळे मिटून, दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा. डोळे उघडायचे आणि काही बोलायचे नाहीत. बाईंनी दुसऱ्याची गाडी मागून आणली होती, त्या रोज येऊन दारात उभ्या राहायच्या. खुर्ची रिकामी असायची, पाहुणे तिकडे फिरकेनात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या टायरपाशी आले. आठ वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "भाऊ, तुम्हाला काय वाटतं?"

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "मला काय विचारता? कान तुमचे."

घरी हिला बहिणीचा फोन आला होता. पाहुणे जेवत नाहीत म्हणे, नुसते बसून राहतात. ही म्हणाली, "तुम्ही जरा मदत करा ना त्यांना." मी म्हटलं, "बघू." आणि आडवा झालो. झोप झकास लागली.

माझा बेत तयार होता. नवी कॉइल मी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. सकाळी मामा, बाई, पाहुणे सगळे जमलेले बघून मी पुढे झालो. मामांनी विचारलं, "काय रे?" मी म्हटलं, "मामा, मला कॉइलचाच संशय आहे. परीक्षा बरोबर उतरली नसेल. जुन्या गाड्या फसवतात." केवढा रुबाब! तिसऱ्या सिलिंडरची कॉइल सगळ्यांसमोर उपटली, बाजूला ठेवली. नवी बसवली, कनेक्टर दाबला, बोल्ट आवळला. बाईंना म्हटलं, "मारा किल्ली."

धड. धड. फट्. धड.

आचके! नव्या कॉइलला! मी वाकून बघायला लागलो, घाम नाकावरून टपकत होता. आनंदाच्या भरात लॉक मी साफ विसरलो होतो. पाहुणे शेजारी आले. त्यांनी एक बोट कनेक्टरवर ठेवलं आणि हलकेच दाबलं. इंजिन गुळगुळीत चालायला लागलं. बोट काढलं, फट्. बोट ठेवलं, गुळगुळीत.

"लॉक तुटलंय," ते म्हणाले. मग चष्मा पुसून जवळून बघितलं. "बाहेरून करपलंय, पण तुटलंय तिथे पांढरं आहे. ताजं आहे."

पाहुण्यांनी मी काढून ठेवलेली जुनी कॉइल उचलली. डोक्यावर निळ्या खडूने एक लिहिलेलं होतं. त्यांनी ती उलटी केली आणि त्यांचं बोट गळ्याखाली गेलं, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही. तिथे थांबलं.

तिथे तांबडा धागा होता. बारीक, दोन वेढे, वर गाठ.

मी काजं-बटणं म्हणून हसलो होतो ना? धागा बांधायचं त्यांनी सोडलं नव्हतं. माझ्या नजरेला पडणार नाही अशा जागी बांधायला लागले होते, एवढंच. दोषी कॉइल त्यांनी स्वतः पहिल्यावर लावली होती आणि ती आता मी, स्वतःच्या हाताने, चार माणसांसमोर, तिसऱ्यातून काढून दाखवली होती.

"द्या इकडे," मामा म्हणाले. त्यांना नीट दिसत नाही, पण त्यांनी अंगठ्याने धागा चाचपला. "पाहुणे, हा कुठल्या कॉइलला बांधला होता?"

"तिसऱ्याच्या."

"आणि लावली कुठे होती?"

मामांनी पुन्हा विचारलं, "दोष कुणाला सापडला होता?"

तेव्हा पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांत त्यांना रागावलेलं मी बघितलं नव्हतं. रागावले की त्यांची हनुवटी थरथरते, हे मला तेव्हा कळलं. "भाऊंना," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. मी जेवायला गेलो तेव्हा." आणि मग मलाच म्हणाले, "मला वाटलं माझे कान गेले हो. तीन दिवस ऐकतोय, काही कळत नाहीये. मी काल घरात सांगितलं, की आता मला इथे ठेवून घेतील ते फक्त जावई म्हणून. त्यापेक्षा शिलाई मशीनचं दुकान परत बघतो. मामा आठ वर्षांत एकदा तरी माझ्यावर ओरडले का? एकदा तरी शिवी दिली का? तुम्हाला घरचं समजतात, मी पाहुणाच. तुम्हाला आणखी काय हवं होतं?"

मी तोंड उघडलं. म्हटलं, "जळत होतो मी." तेच खरं होतं.

बाई हळूच व्हॅनमधून उतरल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मामांच्या हातात दहा नंबरचा पाना होता. त्यांचा हात हलला आणि माझा पाय मागे गेला. आणि सांगतो, मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, फेका. अंगठ्याजवळ कशाला, अंगठ्यावर फेका. गाढवा म्हणा, बैला म्हणा, बाप काढा माझा. एकदा ओरडले की झालं, दुपारी पुन्हा "अरे ए, चहा आण" म्हणतील. बावीस वर्षं असंच चालत आलं होतं.

मामांनी पाना फडक्याने पुसला आणि पेटीत ठेवला.

मग ते दारापर्यंत गेले. पंख्याखालची खुर्ची दोन्ही हातांनी उचलून आणली, त्यांचे हात कापत होते, मी पुढे झालो तर त्यांनी मान हलवली. खुर्ची माझ्यासमोर ठेवली. खांद्यावरचं फडकं काढलं. आधी बैठक पुसली, मग खुर्चीचे दोन्ही हात पुसले, सावकाश.

"बसा," मला म्हणाले.

"मामा..."

"बसा हो. दमला असाल."

मी बसलो. काय करणार? मामा वळले, आणि एकदम असा आवाज चढला की बाहेर बाईसुद्धा दचकल्या. "अरे ए! तू काय खांबासारखा उभा राहिलास? कनेक्टर कोण बांधणार, तुझा काका? चाळीस मिनिटांनी येतं म्हणून कागदावर लिहून आणलंस आणि एका खडूच्या आकड्यावर विश्वास ठेवलास? धागा बघायला काय झालं होतं? गाढवा!" आणि खांद्यावरचं फडकं गोळा करून त्यांच्या अंगावर फेकलं.

पाहुण्यांनी ते झेललं. डोळे भरले होते, आणि मिशीखाली हसू. त्या माणसाला गाढव म्हणवून घेऊन इतका आनंद झालेला मी या डोळ्यांनी बघितला. त्यांनी खिशातून रीळ काढलं, नवा कनेक्टर येईपर्यंत म्हणून जुना धाग्याने घट्ट बांधला, सगळ्यांदेखत, तांबड्या धाग्याने. व्हॅन पोती भरून पुलावर नेऊन आणली. एक आचका नाही. मग बॉनेट लावलं.

एक तारखेला पहिला हात कुणाचा, ते मामांनी सांगितलंच नाही. सांगायला काही उरलं नव्हतं.

याला आता सात महिने झाले. मी कामाला जातो. मला काम मिळतं, मामा विचारून देतात, "जमेल का तुम्हाला?" चहा आला की पहिला कप मला. खुर्ची चांगली आहे, पाठीला आराम पडतो, पंख्याचा वारा नीट लागतो. हिला वाटतं आता माझा मान वाढला. मी तिला काही सांगितलेलं नाही. तिला बहिणीने सांगितलं असणारच, पण तीही काही बोलत नाही.

आज सकाळीच मामांचा हात हलला आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या पाय मागे घेतला. पाना खणकन पडला तो तिकडे, साडूंच्या पायाशी.